दाट कुणासाठी

ट्रॉन्हाइमला नोव्हेंबरात तीनलाच अंधार पडतो.
तिसऱ्या मजल्यावरची ही खोली मात्र मुद्दाम काळी केलेली:
खिडकीला पुठ्ठा, दारावर टूरीडच्या अक्षरात चिठ्ठी,
“आत सोनं चाललंय. दार आपटू नका.”

टूरीड हॉफसेट, सत्तावन्न पूर्ण.
सकाळपासून ढवळते आहे
केल्पच्या देठांतून निघालेलं अल्जिनेट,
दीड टक्का, थंड, धुरकट.
काडी वर उचलली की धार तुटत नाही,
एकतारी पाकासारखी लोंबते,
क्षणभर विचार करते,
मग पडते.

त्यात तिने सोन्याचे कण सोडलेत, दोन मापांचे.
चाळीसचे हिरवट दिसतात, दोनशेचे तांबूस.
नॅनोमीटर हा शब्द ती उच्चारत नाही,
घरचीच माणसं असल्यासारखी म्हणते,
“चाळीसवाले आले. दोनशेवाले अजून दारातच.”

बाटलीवर लिहिलंय: पाण्याहून तीनशेपट घट्ट.
दोनशेवाल्यांना हे मान्य आहे.
ते जागच्या जागी थरथरतात,
गर्दीत खांदे आवळून उभं राहावं तसे.
चाळीसवाल्यांनी बाटली वाचलेलीच नाही.
धाग्यांच्या मधे जे आहे ते पाणीच,
साधं, नळाचं असावं इतकं साधं,
आणि ते त्यातून निघाले आहेत
कुठेही जायचं नसताना,
कुणी बोलावलेलं नसताना,
पाण्याच्या रेणूंचे धक्के खात
एकदा इकडे, सात वेळा तिकडे.

फ्रोयाच्या खडकांपाशी
बापाच्या होडीचा पंखा केल्पमध्ये गुरफटला होता.
बाप वाकून सुरीने देठ कापत होता
आणि पाद्र्यासमोर उच्चारू नयेत असे शब्द उच्चारत होता.
सात वर्षांची टूरीड काठावर पालथी पडून
खाली बघत होती:
त्याच जंगलातून, त्याच वेळी,
बोटाएवढी माशांची पिल्लं
कशालाही न शिवता
आरपार.

तिने बापाला सांगितलं नाही.
तेव्हा सांगण्यासारखं ते नव्हतंच.

योरान, संशोधक, वय सव्वीस, पडद्याकडे बोट दाखवतो:
“एकतीस नंबर अडकलाय. गाळून टाक.
तक्त्यात त्याची रेघ सगळी सरासरी बिघडवते.”
“थांब जरा.”
“चार मिनिटं झाली.”
“मोजतेय मी.”

एकतीस नंबर, दोनशेवाला, तांबूस,
एका टिंबाभोवती टिंबच काढतो आहे.
त्याच्याभोवतीचे धागे दिसत नाहीत,
ते कधीच दिसत नाहीत;
फक्त त्याच्या थांबण्याच्या आकारावरून
त्यांचा अंदाज बांधायचा.
(सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही,
हे ती दरवर्षी नव्या पोरांना सांगते,
आणि दरवर्षी आपणही
थोडासा गाठते.)

चार मिनिटं अकरा सेकंद.
तो सरकला.
एकदम, स्वतःच्या सहापट लांब,
आणि नव्या जागी पुन्हा
तसाच थरथरत उभा राहिला.

कुणी ढकललं नाही.
तिथले लांबलचक रेणू
आपल्याच अंगाच्या बोळकांडीतून
सापासारखे सरपटत होते सगळा वेळ,
त्याच्यासाठी नव्हे,
त्यांना तर तो ठाऊकही नसावा;
शेपूट सुटलं, फट पडली,
आणि नेमका त्याच क्षणी
पाण्याचा धक्का त्या बाजूने आला.
असं झालं असावं.
योरान म्हणतो, उडी.
टूरीडला उडी हा शब्द आवडत नाही,
त्यात पाय गृहीत धरलेले असतात.

वहीत ती लिहिते:
क्र. ३१. थांबला होता.
खाली थोडी जागा सोडते.
अडकला होता की नाही, माहीत नाही.

सहाला काचपात्र धुताना
द्रावण मोरीत जायला तयार नाही,
काठाला धरून लोंबकळतं.
गरम पाणी, ब्रश, आणखी गरम पाणी.
बाहेर बर्फावर मीठ टाकणारी गाडी गेली.
योरान सायकलचा दिवा हुडकतोय.
ती हात पुसत, त्याच्याकडे न बघता:
“उद्या अर्धा टक्का कमी घेऊन बघू.
आणि एकतीसला काढू नकोस.”