लाभ

मोंढ्यात तेवीस वर्षं तोलार होतो मी.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन, चार...
कुणाचा, ते मी कधी विचारलं नाही.

भाव रुमालाखाली ठरायचा,
दोन पंजे आत, बोटं दाबत.
ज्याची तूर तो बाहेर उभा,
रुमाल कसा हलतो तेवढं बघत.
मग क्विंटलमागं दोन किलो कडता,
आणि खाली सांडलं तेही अडत्याचं.

आता निलंग्याकडं, आमच्याच गावात,
शाळेच्या जुन्या खोलीत
शिवगंगाबाईच्या गटाचा काटा आहे.
भाव फळ्यावर, खडूनं,
वर कधीचा तरी अर्धा पुसलेला सुविचार.
काट्याचे आकडे लाल.
गयाबाईला दिसत नाहीत,
ती नातीकडून दोनदा वाचून घेते.
उरल्या पैशात गटानं चाळणी आणली,
ती कुणाच्या दारात ठेवायची
यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

काल पहिलं पोतं चढवलं
आणि सवयीनं तोंडातून गेलं,
लाभ.
नात शाळेत होती.
गयाबाईनं मलाच विचारलं,
किती?

मी वाकलो, आकडा वाचला.
मोठ्यानं.