टाकीचं झाकण

पातोंड्याला माझी गिरणी आहे, बाजाराच्या टोकाला.
दुपारी वीज जाते. उडीद थांबत नाहीत.
म्हणून हे इंजन : आठ घोड्यांचं, राजकोटकडचं,
हिरवा रंग आता फक्त
जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे.

ऐन चैत्रात, पापडांच्या दिवसांत, त्याचं नाटक सुरू झालं.
हॅण्डल मारलं की लागायचं,
टुक् टुक् टुक् टुक्,
ठोक्यावर घड्याळ लावावं.
पट्टा चढवायचा, उडीद ओतायचे,
दोन डबे दळून होत नाहीत तो
ठोका लांबायचा.
टुक्
      टुक्
                  टुक्
आणि मग नुसतं चाक फिरत राहायचं,
आपल्याच वजनाने, बळ सरल्यावरही.

बाहेर डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर चुन्याने नाव.
जो येईल तो एक रोग सांगून जाई.
डिझेलात पाणी असेल. रिंगा गेल्या असतील.
कुणी लिंबू बांध म्हणालं. बांधलं. काळं पडलं.

अमळनेरहून हिलाल मिस्तरी आला,
स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजनाला,
डोळे मिटून बराच वेळ.
"हाई इंजन म्हतारं व्हई गयं, वहिनी."
मग त्याने पंपाचा नट सैल केला, बुडबुडे काढले,
फिल्टर धुतला, नोझल रॉकेलमध्ये बुडवलं,
कागदावर फवारा मारून पाहिला : दवासारखा बारीक.
वालांच्या फटीत दाढीचं पातं सरकवलं.
सायलेन्सर काढून लावलं, तेव्हा तर
शाळेतली पोरं पळत आली.

वीस मिनिटं.
मग पुन्हा तेच.

माझं काम एवढंच :
बंद पडलं की झाकण काढून तुरकाठी बुडवायची,
डिझेल किती आहे ते पाहायचं. असायचं.
झाकण घट्ट लावायचं. हॅण्डल. लागायचं.
"वहिनी, तुना हात चांगला शे," मिस्तरी म्हणाला.
मी हात बघितला. कोपरापर्यंत उडदाचं पीठ.
त्यात चांगलं काही दिसेना.

तिसऱ्या दिवशी रांगेतल्या बायका
कशावरून तरी एकदम गप्प झाल्या,
म्हणून ऐकू आलं :
झाकण उचलताना,
स्स्.
बाहेर सोडलेला नव्हे,
आत ओढलेला श्वास.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं
तर तेल गुळ्‌गुळ् करत अडतं.
दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी.
हे मला सातवीपासून माहीत.
सातवीपासून स्वयंपाक करते.

झाकण पालथं केलं.
मधोमध बाजरीच्या दाण्याएवढं भोक असणार होतं.
तिथे होतं पीठ.
माझ्याच गिरणीचं, कैक वर्षं उडालेलं,
डिझेलमध्ये भिजलेलं, वाळलेलं, पुन्हा भिजलेलं,
पापडाच्या लाटीसारखं मळून बसलेलं.
बांगडीतली पिन काढली. टोचली.
पिन वाकली, भोक मोकळं झालं.

संध्याकाळपर्यंत चाललं.
दिवे आले तरी मी बंद केलं नाही.

मिस्तरी पेपरावर मांडलेले नट
पुन्हा पुन्हा मोजत होता.
पैसे पूर्ण घेतले. जाताना
फटफटीला किक मारता मारता हळूच म्हणाला,
"अमळनेरले कोणले सांगू नको."
नाही सांगितलं.
अमळनेरला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सुपडीबाई डबा घेऊन परत आली.
झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं :
"पिठाले डिझेलना वास येस."

येतो. थोडा येतो.