बापाचा रकाना

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
इथं शीतही मोठं वाटावं.
वासराच्या कानाची टिकली, मसुरीच्या डाळीएवढी,
कुपीतल्या पाण्यात बुडून
लिंकनला माझ्या टेबलावर येते.
अकरा वर्षं नेब्रास्कात आहे,
टिकल्या लाखभर पाहिल्या असतील,
वासराला हात एकदाच लावलाय, जत्रेत.

परवा बर्वेलहून एक्केचाळीस कुप्या आल्या,
एकोणतीस डॉलरला एक.
सोबत चार काळ्या वळूंचे केस, मुळांसकट,
आणि सुतारी पेन्सिलीनं चिठ्ठी:
कुठलं कुणाचं तेवढं सांगा.
एक वळू नऊ हजारांना घेतलाय,
वसूल झाला का बघायचंय.
लव्हर्न कुचेरा.

नव्हता झाला.
नऊ हजारांच्या वळूची वासरं तीन.
लंगडतो म्हणून विकायला काढलेल्या म्हाताऱ्याची सतरा.
उरलेल्या दोघांची मिळून दहा.
आणि अकरा
कुणाचीच नाहीत.

फोनवर मी रीतसर बोलले,
नमुन्यांत घोळ असेल, पुन्हा तपासू, पैसे पडणार नाहीत.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, त्या अकरांचे नंबर वाचा.
मी वाचत गेले. प्रत्येकाला तो "हं" म्हणाला,
आणि शेवटच्या "हं"ला हसू फुटलं,
ठसका लागेपर्यंत.
"बाई, काट्यावर हीच सगळ्यात जड.
साठ-साठ पौंडांनी."

शेजारी मर्ल ओस्ट्रँडर.
मधलं कुंपण वायव्येला पडलेलं,
दुरुस्तीचे निम्मे कुणी द्यायचे
यावरून तीन वर्षं अबोला.
मर्लचा तांबडा वळू, ना कागद ना वंशावळ,
त्या अबोल्यातूनच रात्री ये-जा करायचा.
वासरं निपजली काळी,
तांबडा रंग आत दडून बसतो,
दिसायला कारण काहीच नव्हतं.
गेल्या ऑक्टोबरात वळू किलोच्या भावानं कत्तलीला गेला,
डिसेंबरात मर्लही गेला.

बैल गेला अन् झोपा केला,
हे इंग्रजीत कसं म्हणायचं?
मी "अच्छा" म्हटलं. तेही मराठीतच.

"त्या रकान्यात नाव घालता येईल?"
नमुना लागेल, म्हटलं.

आठवड्यानं पाकीट आलं,
कॉर्नफ्लेक्सच्या पिशवीत तांबडे केस,
काटेरी तारेवरून वेचलेले,
एक हिवाळा, एक उन्हाळा खाल्लेले.
एकेक दिव्याखाली धरला.
सगळे मधूनच तुटलेले, एकालाही मूळ नाही.
मुळाशिवाय यंत्र केसाचं ऐकत नाही.
पिशवी फेकायची असते. मी खणात ठेवली.

अहवाल गेला: बाप अज्ञात, अकरा वेळा.
बिल अकराशे एकोणनव्वद,
फुकटचा वळू भारी होता हे कळायची किंमत.

आज त्याचा चेक आला.
चारशे साडेबारा डॉलरचा,
नाव अर्डिथ ओस्ट्रँडर,
खाली बारीक अक्षरात: कुंपण, निम्मं.

पाकिटं बदलली असणार.
आमचा चेक हातात धरून ती बाई
आत्ता स्वयंपाकघरात उभी असेल,
प्रयोगशाळेचं नाव पुन्हा पुन्हा वाचत.

कुणाला तरी फोन करायला हवा.
ट्रेमध्ये अजून साठ कुप्या आहेत.