तुटक रेघ

पडद्यावर ती तुटकच होती.
छापून आली ती सलग.

गिरेसूनच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर,
प्लॉटरने सातव्यांदा कागद बाहेर सोडला
आणि रस्त्याच्या भरावाखाली गेलेला जुना किनारा
पुन्हा खरा झाला:
काळा, अखंड, नव्या हमरस्त्याइतकाच ठाम.
मासळीबाजार समुद्रात,
पेट्रोल पंप समुद्रात,
आणि नेबाहातबाईंचं घर,
ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप,
पाय पाण्यात सोडून बसलेलं.

आमच्या धंद्यात सलग म्हणजे आहे.
तुटक म्हणजे होतं,
किंवा आहे पण दिसत नाही.
एवढ्याशा फटींवर व्याकरण चालतं आमचं.

एर्जुमेंतने दोष आधी शाईला दिला,
मग ड्रायव्हरला, मग अंकाऱ्याला.
"पडद्यावरचं कोर्ट बघत नाही, सेवगुल,
कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."
आणि चार वाजले म्हणाला,
घड्याळ मला दिसत नसल्यासारखं.

मी रेघेचं स्केल एक केलं. मग अर्धं.
मग पंचवीस:
तेव्हा गटाराच्या रेघेने एवढी लांब ढांग टाकली
की ती संपायच्या आत गटार संपलं.
परत एक.
पेनांची जाडी तपासली, लेयरचे रंग तपासले,
एकास पाचशेचा कागद आणि खरी जमीन
एकमेकांशी बोलत नव्हती, त्यांना बोलतं केलं.
गटार शहाण्यासारखं तुटलं.
पाडलेली नौकाशाळा तुटली.
किनारा नाही.

वास्फीकाका रोज या वेळी चहाला येतात.
एकतीस वर्षं जलखात्यात शाईच्या पेनाने नकाशे काढले,
आता हेझलनट फोडत आमच्या खुर्च्या अडवतात.
ते पडद्याकडे बघत नाहीत.
कागदावर भिंग ठेवून म्हणाले,
"या एका रेघेत तुकडे किती?"

मोजले. चार हजार एकशे बारा.
जुन्या हवाई फोटोवरून मीच टिपलेले,
दगड न् दगड, खाच न् खाच,
डोळ्यात तेल घालून.
प्रत्येक तुकडा तांदळाच्या कणीएवढा,
प्रत्येक आपल्यापुरता नव्याने सुरू होणारा,
आणि फट यायच्या आत संपणारा.
फटीपुरतीही लांबी नव्हती कुणाकडे.
माझ्याच काटेकोरपणाने
समुद्र पक्का करून ठेवला होता.

"आम्ही वळणावर हात उचलत नसू," काका म्हणाले,
"हात मोजत राहायचा. कोपरा आला तरी
किती चाललो ते विसरायचा नाही."

तसं एक बटण असतं.
रेघेच्या गुणधर्मांत, खाली, कुणी जात नाही तिथे:
नक्षी बिंदूंना न जुमानता सलग पुढे न्या.
तुटण्यासाठी आधी सलग व्हावं लागतं,
हे काही मला शाळेत शिकवलं नव्हतं.

आठवा कागद.
रेघ, फट, रेघ, फट,
भूशिराला वळसा घालून थेट ओढ्याच्या मुखापर्यंत.
एर्जुमेंत काही बोलला नाही, म्हणजे खूश होता.

नेबाहातबाई सकाळपासून दाराजवळच्या बाकावर.
त्यांनी चष्मा लावला, किनाऱ्यावरून बोट फिरवलं,
एका फटीपाशी थांबल्या.
"इथे काय आहे?"
काही नाही, म्हटलं, ती नुसती मोकळी जागा.
तसंच छापतात.

"नाही," त्या म्हणाल्या,
"इथे वडील नाव बांधायचे."

पाचला खिडकी बंद होते.
शाई ओली होती, तरी मी कागद गुंडाळला,
त्यांचं बोट होतं तिथे जरा सैल.