नेम

शनिवारी अल-ऐनच्या रेंजवर
एसी इतका, की सासूबाईंनी शाल मागितली.
शिकवणारी रोवेना म्हणाली,
श्वास सोडा, थांबा, मग बोट.

इरावतीचे छर्रे शेजाऱ्याच्या कागदात.
सासूबाईंचा पहिलाच थेट काळ्यात.
"चिंचा काय हातानं पाडायचो आम्ही?"

विश्राम मात्र उभाच.
अकरा वर्षं म्हणतोय, इथला काही नेम नाही,
म्हणून सोफा घेतला नाही,
गॅलरीत कुंडीसुद्धा नाही,
व्हिसाच्या तारखेपलीकडचं
बोललोच नाही कधी.

आता दस्ता खांद्याला,
एक डोळा मिटलेला,
कितीतरी वेळ.
रोवेना घड्याळ बघते.
इरावती कुजबुजते, बाबा, मारा ना.

मी मागून बघतेय,
पाठीवरचा शर्ट हळूहळू खाली येतो.
श्वास सोडतोय तो.
अजून सोडतोच आहे.