कच्चा मोशे

वाचनालयाच्या तळघरात
आज माझ्या टेबलावर मोशे आहे.
दीड हात उंच, पुठ्ठ्यावर, तेलरंगात,
घाईघाईने उतरवलेला.

मी त्याला थुंकीने पुसते.
हसू नका, आमच्या धंद्यात हीच रीत आहे.
कापसाचा बोळा जिभेवरून फिरवायचा,
मग दाढीच्या एका फटकाऱ्यावरून,
मग टाकून द्यायचा. मग दुसरा.
म्हणून सकाळपासून कॉफीसुद्धा घेतलेली नाही.
शंभर वर्षांची काजळी,
गॅसच्या दिव्यांची, कोळशाच्या शेगडीची,
चित्रकार थॉर्नडाइकच्या चिरुटांची,
पिवळट तपकिरी होऊन कापसावर येते
आणि संदेष्टा माझ्या उष्ट्याने उजळत जातो.

वर, जिन्याच्या भिंतीवर, पक्का मोशे आहे.
चौदा फूट. सोन्याचा वर्ख.
डोळे छताकडे, छातीशी दगडी पाट्या,
आणि त्याच्या पायाशी शाळेची पोरं
दर गुरुवारी पुस्तकं बदलायला रांगेत.
मॅसॅच्युसेट्समधलं हे तारगिरण्यांचं गाव
त्याच्याकडे बघत बघत
अक्षर ओळखायला शिकलं.

इथे खाली पाटी दगडाची नाहीच.
साबणाच्या खोक्याचं झाकण आहे ते,
फळीच्या रेषा दिसतात, एक खिळाही.
आणि झाकण धरलेल्या उजव्या हाताला
अंगठा, तर्जनी, करंगळी.
मधे काही नाही.

आधी वाटलं, मळ.
तीन बोळे गेले, बोटं काही निघाली नाहीत.
मग वाटलं, अर्धवट सोडलं असेल,
कच्चं काम, कोण विचारतं.
पण बाकी हात तर
नखाच्या चंद्रापर्यंत पुरा केलेला.

पुठ्ठा उलटा केला. मागे पेन्सिलीने:
मेलकोन, तारेच्या गिरणीतला. तीन तास. पाऊण डॉलर.
सोमवारी येणार नाही, रात्रपाळी.
आणि खाली, वेगळ्या दिवशीच्या दाबाने,
हात इंगेबोरचा घ्यावा.

पाच बोटं सारखी नसतात हे ठीक,
पण पाच तरी हवीत,
असं समितीचं म्हणणं पडलं असणार.
ईश्वराचा कायदा तीन बोटांवर
तोलून धरायचा म्हणजे
गिरणीमालकांना जरा अवघडच,
वर्गणी त्यांची होती.

इंगेबोर कोण, ते मला माहीत आहे.
कालच पुसली तिला, डाव्या पॅनलसाठीची देवदूत.
पंख म्हणजे दोन फटकारे, उभ्या उभ्या झोपलेली,
मागे लिहिलंय, धोबीण, पहाटे चारपासून कामावर.

जेवणाच्या सुट्टीत जिना चढून गेले.
तीस वर्षं याच जिन्याने येते-जाते.
कठड्याला पाठ लावून वर पाहिलं,
आणि दिसला तो हात.
मनगट बारीक. पेरं सुजलेली.
सोड्याने उललेली कातडी
त्या भल्या माणसाने इमानाने रंगवलीय, भेगांसकट.
सिनाय पर्वतावरून उतरलेल्या पुरुषाला
एका स्वीडिश धोबिणीचा हात,
आणि गावात कुणाच्या ध्यानात नाही.
मागून एक मुलगा म्हणाला, बाई, सरकता का जरा?

खाली येऊन तक्ता भरायला घेतला.
रंगाचे पापुद्रे: स्थिर.
पुठ्ठा: एका कोपऱ्यात वाळवी.
हानी: इथे पेन थांबलं.
आमच्या भाषेत हानी म्हणजे
मूळचं होतं आणि गळून गेलं ते.
दोन बोटं, असं लिहिलं.
मग खोडलं.
मग खोडलेलं वाचता येईल
इतपतच खोडलं.

अजून चेहरा राहिलाय.
उजव्या डोळ्यापाशी एक बोळा फिरवला
तर बुबुळ निघालं, काळंभोर, ओलसर.
वरचा छताकडे बघतो. हा नाही.
हा बाजूला बघतोय,
दाराच्या वर, जरा उंचावर,
जिथे थॉर्नडाइकच्या खोलीत
बहुतेक घड्याळ असावं.