पंचविसाला एक

ओतिल्या होडीतून आली,
पिठाच्या पोत्यात करवत गुंडाळून,
जणू आजारी कोकरू.
केमचीच्या धक्क्यावरून चिखलातून चढत माझ्या शेडपर्यंत,
टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बोलत नाही."

वादळात कोइवेचं झाड आडवं झालंय तिच्या कुंपणावर,
गाय शेजाऱ्याच्या बटाट्यात.
शेजारी अजून हसून बोलतो.
उद्या हसणार नाही.

मी दोरी ओढली. सात वेळा.
खोकली, म्हाताऱ्या पाद्र्यासारखी,
आणि गप्प.
म्हटलं, बघू घोडं कुठं पेंड खातंय.

आधी बटण पाहिलं.
हसू नका. निम्मी गिऱ्हाइकं
बटण बंद ठेवून दोन बेटं ओलांडून येतात.
त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही,
त्यांची गोष्ट ठेवून घेतो,
ती मला हिवाळाभर पुरते.
हिचं बटण चालू होतं.

मग प्लग. ओलाचिंब निघाला,
टोकाला काजळी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी.
तारेच्या ब्रशनं घासला, पुसला,
टोपी चढवून धातूला टेकवला.
"ओढ आता."
तिनं ओढली. अंधारात निळा ठिपका,
उंदराच्या डोळ्याएवढा.
ठिणगी होती तर.

हवेची जाळी झटकली,
त्यातून भुसा पडला, आणि मेलेली गांधीलमाशी एक.
राहिलं तेल.

टाकीचं झाकण फिरवलं मात्र,
शेडभर वास. आंबलेला, जुन्या वार्निशचा,
तळाशी मधासारखं काही चिकटलेलं.
"हे कधी भरलंय?"
ती चुलीकडे बघत म्हणाली,
"एलेउतेरियोनं. जायच्या आदल्या दिवशी."

एलेउतेरियो दक्षिणेला गेलाय मेंढ्या भादरायला.
तीन महिन्यांसाठी.
हा तिसरा हिवाळा.

मी काही बोललो नाही, मेकॅनिकनं बोलू नये.
बोटावर थेंब घेऊन चोळला.
"तेल फार घालायचा. पन्नासाला एक हवं,
हे पंचविसाला एक दिसतंय."
"सगळ्यातच फार घालायचा," ती म्हणाली,
"मीठ, साखर, शपथा."

ओतायला बादली पुढे केली
तर तिनं माझं मनगट धरलं.
पोत्यातून काचेची बरणी काढली,
आधीच आणलेली, धुतलेली, झाकणासकट.
"यात ओत."
मी बघत राहिलो.
"परत आला तर दाखवीन," ती म्हणाली,
"आणि विचारीन, हे काय घातलं होतंस."

कार्ब्युरेटर उघडला. बारीक भोकातला डिंक
सुईनं काढला, फुंकला, पुन्हा फुंकला,
डोळे ताणून दिव्याशी धरला.
नवं पेट्रोल, मोजून तेल.
चोक ओढला. एक झटका, खोकला.
चोक अर्धा. दुसरा झटका,
आणि शेड हादरलं,
कोंबड्या ओंडक्यांवरून उडाल्या,
चुलीवरच्या केटलीचं झाकण नाचलं.

तिनं लगेच बटण दाबून बंद केली.
"आता मी."
पाय मागच्या मुठीत, हात पुढच्या दांडीवर,
दोरी खेचली. सुरू.
बंद केली. परत सुरू.
पाच वेळा.
मी मधे पडलो नाही, चहा गार होऊ दिला.

पैशांऐवजी अर्धं पोतं काळे बटाटे ठरले,
ते आजवर आलेले नाहीत.
गाईचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा
पाण्यापलीकडून तिचा आवाज यायला हवा होता,
करवतीचा म्हणतोय मी.
आला: खर्र, आणि तुटला.
आता ती दोरी ओढत असेल.
मी दार उघडं ठेवून उभा, थंडीत,
मोजत होतो मनातल्या मनात.
तीन झाले. चार.
चोक, बाई, चोक अर्धा.
पाच.